खेळाचा हंगाम आणि विद्यार्थ्याचे वर्ष

‘हंगाम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि शेतकऱ्याच्या घरात स्थिरावला. पेरणी, सुगी, खरीप, रब्बी यांच्या संगतीत तो इतका रुळला की त्याचे परकेपण कोणास आठवतही नाही. पुढे क्रिकेटचा हंगाम, हॉकीचा हंगाम असेही आपण म्हणू लागलो. परंतु शेतीचा हंगाम पाऊस ठरवितो. खेळाचा हंगाम माणसे ठरवितात. तो कोणी व कोणाच्या सोयीने ठरवावा, आणि खेळाडू जेव्हा महाविद्यालयातील विद्यार्थी असतो तेव्हा त्याच्या अभ्यासाला त्यात कोणते स्थान असावे, या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

जुन्या महाराष्ट्राला हा प्रश्न फारसा पडला नाही. सुगी आटोपून धान्य घरात आले की गावोगावच्या जत्रा भरत आणि जत्रेच्या फडात कुस्त्या होत. तालमीतील मेहनत चालूच असे. पण फडाचा दिवस शेतातील कामाच्या आड येत नसे. पोटाचा उद्योग आणि अंगातील रग यांची ही सांगड रूढीनेच घातली होती. तिच्यासाठी नियमावली लिहावी लागली नाही.

महाविद्यालये आली आणि ही सांगड तुटली. येथे एक दूरचे उदाहरण उद्बोधक ठरेल. ३ ऑगस्ट १८५२ रोजी हार्वर्ड व येल या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांमध्ये न्यू हॅम्पशायर प्रांतातील एका सरोवरावर नौकांची शर्यत झाली. अमेरिकेतील हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना होय. विद्यार्थ्यांचा खर्च एका आगगाडी कंपनीने सोसला. कारण सामना पाहावयास येणारी गर्दी तिला आपल्या डब्यांत हवी होती. म्हणजे पहिल्याच सामन्याची जुळवाजुळव झाली ती तिकिटांच्या हिशेबाने!

पुढे १९०५ मध्ये तेथील फुटबॉलच्या मैदानावर अनेक तरुण प्राणास मुकले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले, आणि १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने खेळाचे नियम सुधारले; परंतु विद्यार्थ्याच्या वेळेला खरे कुंपण पडावयास १९९१ साल उजाडावे लागले. हंगामात आठवड्यास जास्तीत जास्त वीस तास, दिवसास चार तास आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती, असा तो नियम आहे. त्यातही पळवाटा आहेतच. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीनच तासांचा धरला जातो आणि प्रवासाचे तास मोजले जात नाहीत. तथापि विद्यार्थ्याचा वेळ ही मोजण्याजोगी वस्तू आहे, एवढे तरी तेथे मान्य झाले.

आपल्याकडे काय घडले? मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास जूनमध्ये महाविद्यालये उघडावीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वार्षिक परीक्षा व्हावी, असा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला होता. १९२५ मध्ये विद्यापीठांचे आंतरविद्यापीठ मंडळ निघाले. १९३५-३६ च्या मोसमापासून रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठांचे क्रिकेट सामने होऊ लागले. अजित वाडेकर, सुनील गावसकर यांच्यासारखे खेळाडू याच सामन्यांतून पुढे आले. हे जमले याचे एक कारण म्हणजे दिनदर्शिका. पावसाळा सरल्यावर मैदाने कोरडी होत, आणि परीक्षा अजून दूर असे. हिवाळा हा निसर्गानेही दिलेला आणि परीक्षेनेही सोडलेला काळ होता.

हंगाम माणूसच ठरवितो याचा पुरावा मुंबईनेच दिला. १९४८ मध्ये सुरू झालेली डॉक्टर कांगा यांच्या नावाची क्रिकेट स्पर्धा मुद्दाम भर पावसाळ्यात ठेवण्यात आली. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळेल व उसळेल याचा नेम नसे. त्या परीक्षेतून फलंदाजांच्या पिढ्या तयार झाल्या. इच्छा असली म्हणजे वेळापत्रक वाकविता येते, हाच याचा अर्थ.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून मात्र सत्रपद्धती सर्वत्र रूढ झाली. वर्षाकाठी एक परीक्षा होती, तिच्या दोन झाल्या. पहिली बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे क्रीडाहंगामाच्या उंबरठ्यावरच येऊन बसली. उपस्थितीचा दंडक आहेच. परीक्षा हिवाळ्याच्या दारात आली, सामने होते तेथेच राहिले, आणि या दोहोंमध्ये विद्यार्थी सापडला.

मी ज्या बंगळुरात राहतो तेथील कोरमंगला भागात एक राष्ट्रीय क्रीडाग्राम आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील खेळाडूंसाठी ते बांधले गेले. खेळाडू परतले, आणि आता तेथे कुटुंबे नांदत आहेत. त्याआधी १९९४ च्या स्पर्धेसाठी पुण्याजवळ बालेवाडीची क्रीडानगरी उभी राहिली. याच बंगळुरात २४ एप्रिल ते ३ मे २०२२ या काळात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. महासाथीमुळे त्या पुढे गेल्या. नाव २०२१ चे आणि खेळ २०२२ चे, असा प्रकार झाला. आपल्या मल्लखांबाला त्यांत स्थान मिळाले, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. परंतु एप्रिल-मे हे अनेक विद्यापीठांत सत्रान्त परीक्षांचे दिवस, हेही विसरता येत नाही.

आपण खेळासाठी जागा बांधली. वेळ बांधला नाही. भिंतीला पैसा लागतो, आणि तो आपण कसाबसा उभा केला. वेळापत्रकाला पैसा लागत नाही; लागते ती दोन कचेऱ्यांनी एका टेबलाशी बसण्याची तयारी. सरकारी नोकरीत आयुष्याची बरीच वर्षे घालविलेला माणूस म्हणून सांगतो, ही दुसरी गोष्ट पहिलीहून दुर्मिळ आहे.

तरी मागणे फार मोठे नाही. शैक्षणिक वर्ष उघडण्यापूर्वी सामन्यांच्या तारखा जाहीर व्हाव्यात. परीक्षेच्या आठवड्यात सामना ठेवू नये. ठेवणे भागच पडले तर त्या विद्यार्थ्याची परीक्षा पुन्हा घेण्याची हमी आधीच लेखी द्यावी, म्हणजे त्याला दारोदार अर्ज घेऊन फिरावे लागणार नाही. सरावाच्या तासांना मर्यादा असावी आणि विश्रांतीचा एक दिवस त्याच्या हक्काचा असावा. जत्रेच्या फडाने शेतकऱ्याचे शेत कधी ओसाड पाडले नाही. आपल्या क्रीडांगणांनी विद्यार्थ्याचे वर्ष ओसाड पाडू नये, इतकेच.