वत्सगुल्म ते वाशीम
वाशीमच्या नावामागे वत्स ऋषींची कथा सांगतात. पण अशा कथा बहुधा नावानंतर जन्मतात. भक्कम धागा ध्वनींचा आहे. १९३९ साली वाशीमला सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला आहे आणि राजशेखराच्या प्राकृत ‘कर्पूरमंजरी’त तेच नगर ‘वच्छोम’ होते. ‘त्स’चा ‘च्छ’ होणे प्राकृतात नेहमीचेच; ‘वच्छोम’वरूनच पुढे ‘वाशीम’. इंग्रजी दफ्तरातले ‘बासीम’ तर अगदी अलीकडचे.

यावर कोणी म्हणेल, ‘वत्सगुल्म’ हेच एखाद्या द्राविडी नावाचे संस्कृतीकरण असेल. असेलही; मराठीतला तमिळ थर अभ्यासक विश्वनाथ खैरे यांनी हिरिरीने मांडला आहेच. पण नुसत्या उच्चारसाम्यावर युरोपातल्या गावांच्या नावांनाही जॉर्जियन भाषेतले पूर्वज जोडता येतात. इथे त्या तर्काला वत्सगुल्माआधीचे रूप कोरलेला लेख हवा.