अजमेर, दिल्ली, आग्रा : आधी वार ठरवा, मग तिकीट काढा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या बहुतेक घरांत एक विषय निघतोच. दादीला अजमेरला न्यायचं आहे, मुलांना ताजमहाल बघायचा आहे, आणि एवढ्या लांब जायचंच तर दिल्लीही करून येऊ. मग कुणीतरी ठिकाणांची यादी करतो, कुणीतरी रेल्वेची तिकिटं काढतो आणि बाकी सगळं तिथे गेल्यावर बघू म्हणून सोडून देतात. आम्ही शाळेच्या सहली आणि घरच्या सहली दोन्ही नेतो. आमचं मत विचाराल तर यादी सर्वांत शेवटी करावी. आधी कॅलेंडर घेऊन बसावं, इंग्रजी आणि हिजरी दोन्ही.

कारण साधं आहे. या तिन्ही शहरांत प्रत्येक जागेचा बंद असण्याचा एक वार आहे आणि गर्दीचा एक वार आहे. ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला आणि जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. अजमेर आणि हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या दर्ग्यांत गुरुवार-शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते. आता "जुम्याच्या मुबारक दिवशी ताज बघू" असं ठरवून कुणी शुक्रवारची सकाळ आग्र्यात ठेवली, तर बंद फाटकासमोर फोटो काढून परत यावं लागतं. दादीच्या वयात तो प्रवास पुन्हा होत नाही.

ताजच्या आवारातल्या मशिदीत जुम्याची नमाज होते, पण ती फक्त आग्र्याच्या रहिवाशांसाठी. बाहेरच्यांनाही परवानगी मिळावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्ये फेटाळली. म्हणून जुमा ताजमध्ये पढण्याचा बेत मनातून काढून टाकलेलाच बरा. त्याला फार सुंदर पर्याय आहे, तो पुढे सांगतो.

हिजरी तारीख का बघायची

ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचा उर्स रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. लाखो लोक येतात, हॉटेलांचे दर चढतात, दर्गा बाजाराच्या गल्लीत माणूस चालत नाही, ढकलला जातो. ज्यांना उर्सचीच ओढ आहे त्यांनी जरूर जावं, जन्नती दरवाजाही तेव्हा उघडा असतो. पण लहान मूल कडेवर आणि गुडघे दुखणारी आई सोबत असेल, तर उर्स टाळावा असं आम्ही स्पष्ट सांगू. जियारत वर्षभर होते. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. सध्या रजब डिसेंबरच्या आसपास येतो आहे, म्हणजे नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी चांद्रतारीख बघितल्याशिवाय तिकीट काढू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. दर चांद्रमहिन्याच्या 6 तारखेला अजमेरला छट्टी शरीफ असते. त्या दिवशीही उर्ससारखीच गर्दी समजा.

उलट रजबच्या 25, 26 आणि 27 तारखेला शाहजहानचा उर्स असतो. तेव्हा ताजमध्ये प्रवेश मोफत असतो आणि तळघरातल्या खऱ्या कबरी बघायला मिळतात. एरवी वर दिसतात त्या फक्त नमुन्याच्या. मोफत म्हटल्यावर किती माणसं येत असतील ते वेगळं सांगायला नको.

मे महिन्याबद्दल एकच वाक्य : आग्र्याचं ऊन चाळीस-पंचेचाळीस अंशांचं असतं, वडीलधाऱ्यांना त्यात नेऊ नका. दिवाळीनंतर हवा थंड असते, पण दिल्लीत धुरकं पसरतं. घरात दमा असेल तर डॉक्टरांना विचारून, औषधं आणि मास्क घेऊनच निघावं.

आठवडा कसा बसवायचा

रविवारी संध्याकाळपर्यंत अजमेर गाठा. मुंबईतून वांद्रे टर्मिनसवरून थेट गाड्या आहेत. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे दोन महिने आधी तारीख पक्की हवी. सोमवारी फजरनंतर लगेच जियारतला निघा. सकाळच्या त्या दोन-तीन तासांत जी शांती मिळते, ती दुपारी मिळत नाही. दुपारनंतर खिदमतीच्या वेळी मजारचा दरवाजा काही वेळ बंदही असतो. मोठ्या बॅगा आणि कॅमेरे आत नेता येत नाहीत, ते खोलीवरच ठेवा. चपला हातात धरायला एक कापडी पिशवी न्या. पाकिटात त्या दिवसापुरतेच पैसे असू द्या.

खादिम भेटतील, वही पुढे करतील, तुमच्या गावाचं नाव सांगतील. अदबीने बोलावं, पण नजराणा हा ऐच्छिक असतो हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. किती द्यायचं ते खोलीवर ठरवा, मजारसमोर नाही. मजारसमोर उभा असलेला भावुक माणूस "नाही" म्हणू शकत नाही, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटे दिल्लीला निघा. मंगळवारी लाल किल्ला आणि त्याच्या समोरची जामा मशीद. बुधवारी सकाळी लवकर हजरत निजामुद्दीन, तिथून जवळच हुमायूनचा मकबरा आणि त्याच्या शेजारचं नवं भूमिगत संग्रहालय. हे संग्रहालय जुलै 2024 मध्ये सुरू झालं. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत थंडावा असतो, बसायला जागा असते, दमलेल्या माणसांना ही फार मोठी सोय. गुरुवारी रात्रीची कव्वाली ऐकायची म्हणून काही जण निजामुद्दीनसाठी गुरुवारच धरतात. जवान मंडळींसाठी ठीक आहे. त्या अरुंद गल्ल्यांतून रात्रीच्या गर्दीत आजारी माणसाला आणि पोरांना न्यावं असं आम्हाला वाटत नाही.

बुधवारी संध्याकाळी आग्रा. गुरुवारी पहाटे ताज. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी फाटक उघडतं, त्या वेळी पोहोचलात तर निम्मी लढाई जिंकलात. शुक्रवारी आग्र्याचा किल्ला बघा, तो शुक्रवारीही उघडा असतो. आणि जुमा? किल्ल्याजवळ, रेल्वे स्टेशनला लागून आग्र्याची जामा मशीद आहे. ती 1648 मध्ये शाहजहानच्या मुलीने, जहाँआरा बेगमने बांधवली. लाल दगडाची, मोठ्या सहनाची. तिथे जुमा पढा आणि मुलांना सांगा की ही मशीद एका मुलीने बांधली आहे.

जहाँआराच्या मागे मागे

खरं तर ही सगळी सहलच जहाँआराच्या मागे मागे जाते, आणि मुलांना इतिहास सांगायचा तर याहून चांगला धागा आम्हाला माहीत नाही. अजमेरला मजारच्या समोरचं बेगमी दालान तिच्या नावाने ओळखलं जातं. ख्वाजांवर आणि चिश्ती बुजुर्गांवर तिने फारसीत 'मूनिस-उल-अर्वाह' हे पुस्तक लिहिलं. दिल्लीतला चांदणी चौक तिने उभारला. आणि 1681 मध्ये इंतकाल झाल्यावर ती निजामुद्दीनच्या आवारात दफन झाली. वर छत नाही, कबरीवर माती आणि गवत. बादशहाची मुलगी आणि कबर अशी. मुलं तिथे आपोआप गप्प होतात.

तिच्या आईची, मुमताज महलची गोष्ट तर आपल्या खानदेशाच्या सीमेवरच सुरू होते. 1631 मध्ये बाळंतपणात तिचा मृत्यू झाला तो बुरहानपूरला. पहिलं दफन तिथेच, तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत झालं आणि काही महिन्यांनी जनाजा आग्र्याला नेला गेला. आग्र्याहून भुसावळकडे परतणाऱ्या गाड्या इटारसी, खंडव्यानंतर बुरहानपूरवरूनच येतात. पंजाब मेल तर तिथे थांबते. मुलं जागी असतील तर खिडकीतून स्टेशनचं नाव वाचायला लावा.

मराठवाड्यातल्या कुटुंबांना आणखी एक सोय आहे. निघण्याआधी एक रविवार औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्यात घालवा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानूचा हा मकबरा बांधणारा अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. दादी किती चालू शकते, धाकटा किती वेळाने कंटाळतो, कोण सारखं पाणी मागतं, हे सगळं तिथेच कळून जातं.

ताजमध्ये

भारतीयांसाठी सध्या तिकीट 50 रुपये, आणि संगमरवरी चबुतऱ्यावर जाऊन मुख्य मकबरा बघायचा असेल तर वर 200 रुपये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवा. ऑनलाइन तिकीट काढलं तर खिडकीची रांग वाचते. एका तिकिटावर तीन तास आत राहता येतं. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, मोठी बॅग तपासणीतच अडवतात, आणि मग एक माणूस सामान ठेवायला परत जातो व सगळं कुटुंब उन्हात ताटकळतं. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी 200 चं तिकीट काढायची जबरदस्ती करू नका. चबुतऱ्याचा चढ आणि आतल्या घुमटाखालची रेटारेटी त्यांना नको होते. बागेतल्या बाकावरून ताज जास्त निवांत दिसतो. पार्किंगपासून फाटकापर्यंत बॅटरीच्या गाड्या मिळतात.

आपल्या उर्दू-अरबी वाचणाऱ्या मुलांना एक काम द्या. मोठ्या दरवाजावर सूरह अल-फज्र कोरलेली आहे, ती शोधायची. अक्षरं खालपासून वरपर्यंत एकाच आकाराची वाटतात. प्रत्यक्षात वर जाताना ती मोठी होत जातात, म्हणून खालून सारखी दिसतात. हे काम अमानत खानाचं. मदरशात मान खाली घालून वाचलेली सूरह मान वर करून वाचताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

संग्रहालयाचंही तसंच. सगळी दालनं बघायचा हट्ट मोठ्यांचा असतो, मुलांचा नाही. दिल्लीत एक दिवस जास्त असेल तर राष्ट्रीय संग्रहालयात दोन दालनं पुरेत : हडप्पाचं आणि लघुचित्रांचं. मोहेंजोदडोची नर्तकी पुस्तकात एवढी मोठी दिसते, प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. आधी मुलांना हाताने उंची दाखवायला सांगा, मग काचेपुढे न्या. दीड तासानंतर बाहेर पडाच. त्याहून जास्त वेळ ठेवलंत तर मुलांना फक्त पाय दुखल्याचं आठवतं.

मुलींना दारावर कळू नये अशी गोष्ट

अजमेरला बायकाही मजारजवळ जातात. निजामुद्दीनला बायकांना आतल्या हुजऱ्यात जाऊ देत नाहीत, त्या बाहेर जाळीपाशी थांबतात. हा मुद्दा 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातही गेला. आपल्याकडे मुंबईच्या हाजी अलीचा निकाल ऑगस्ट 2016 मध्ये लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून स्त्रिया पुन्हा आत जाऊ लागल्या. कुणाचं मत काहीही असो, प्रवासाच्या आधी हे घरात बोलून घ्यावं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी भावाबरोबर हातात हात घालून चालत येते, त्याला आत घेतात आणि तिला थांबवतात, हे तिला त्या पायरीवर पहिल्यांदा कळू नये. ती प्रश्न विचारेल. विचारू द्या. "असंच असतं" म्हणून गप्प करू नका. शिवाय पुरुष आत असताना बाहेर बायकांसोबत कुणी थांबायचं तेही ठरलेलं हवं.

नमाज आणि चुकामूक

प्रवासात कस्रची सवलत आहे. हनफी घरांत एका गावी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कस्र. कोकणातली आपली बरीच घरं शाफई आहेत, त्यांच्याकडे ही मुदत चार दिवसांची आहे, आणि जोहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभाही आहे. निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या, म्हणजे लाल किल्ल्याच्या मैदानात मामू आणि खालूंची चर्चा रंगणार नाही.

प्रत्येक ठिकाणी आत शिरताच भेटायची एक जागा ठरवा, आणि ती बोट दाखवून ठरवा. "गेटपाशी" म्हणू नका, गेट चार असतात. अजमेरला बडी देग, जी अकबराने दिली आणि जी कुणालाही विचारली तरी सापडते. दिल्लीच्या जामा मशिदीत मधला हौज. ताजमध्ये बागेच्या मध्यावरचा संगमरवरी हौज. लहान मुलांच्या खिशात आणि दादीच्या बटव्यात चिठ्ठी असावी : नाव, सोबतच्या दोघांचे मोबाईल नंबर, हॉटेलचं नाव. गर्दीत नेटवर्क जातं, फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी राहते. दादीच्या चिठ्ठीवर तिच्या गोळ्यांची नावंही लिहा, आणि ती चिठ्ठी हिंदीत असू द्या.