घरच्या व्यायामाचीं साधनें

व्यायाम घरीं करावा, आणि तो सुरू करण्यासाठीं बाजारांतून कांहीं तरी विकत आणावें, ही कल्पना महाराष्ट्रांत फार जुनी नाहीं. पूर्वीं व्यायाम म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, वस्ताद, जोडीदार आणि कोनाड्यांतला मारुती. तेथील मुद्गल, करेल, नाल, मल्लखांब हीं साधनें कोणा एकट्याच्या मालकीचीं नसत; तीं तालमीचीं, म्हणजे पर्यायानें साऱ्या पेठेचीं असत. नोकरीपाठीं मुंबईच्या चाळींत आलेल्या माणसाचा हा आधार सुटला. त्याच्या वांट्याला एक खोली येई. तींत चूल, बिछाने आणि चारपांच माणसें. मुद्गल फिरवावयाचा, तर डोक्यावर हातभर मोकळी जागा हवी आणि आजूबाजूला कोणी उभें असतां कामा नये. साधन निवडण्याचा प्रश्न त्याच्यापुढें पैशाच्या आधीं जागेचा म्हणून उभा राहिला.

असाच प्रश्न युरोपांतील शहरांतूनही पडलेला होता, आणि त्यावर मोठा व्यापार उभारला तो यूजीन सँडो यानें. १८६७ सालीं प्रशियांतील क्योनिग्झबर्ग येथें जन्मलेला हा मल्ल रंगभूमीवर अचाट ओझीं उचलून लंडनमध्यें प्रसिद्धीस आला. लोकांना मात्र त्यानें विकलीं तीं हलकीं डंबेल्स. त्याच्या एका डंबेलाची रचना खरोखर बुद्धिमत्तेची होती. तें मधोमध उभें चिरलेलें असे आणि दोन फांकींच्या मध्यें स्प्रिंगा बसविलेल्या असत. मूठ घट्ट आवळल्याशिवाय त्या फांकी मिटत नसत. त्यामुळें वजन थोडें असूनही हात आळशी राहूं शकत नसे. शक्ति वाढली, कीं स्प्रिंगांची संख्या वाढवावयाची. दुसरें जड डंबेल घेण्याचें कारण नाहीं. दाराला अडकवून ताणावयाच्या रबरी दोऱ्याही तो विकीत असे. आज खेळांच्या साहित्याच्या दुकानांत जे रबरी पट्टे मिळतात, ते याच कुळांतले. सँडोचें स्वतःचें शरीर मात्र या खेळण्यांवर घडलेलें नव्हतें. तें जड वजनांनीं घडलेलें होतें. जाहिरात वाचणाराच्या ध्यानांत हा भेद सहसा येत नसे, आणि तो यावा अशी विक्रेत्याचीही फारशी इच्छा नसावी. १९०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानांत दौऱ्यावर आला, तोंपर्यंत त्याचें नांव येथील सुशिक्षितांच्या ओळखीचें झालेलें होतें.

गमतीची गोष्ट अशी, कीं आमच्या मुद्गलाचा प्रवास याच्या अगदीं उलट दिशेनें आधींच होऊन गेला होता. हिंदी शिपायांचे मुद्गल पाहून इंग्रज लष्करानें ते उचलले आणि हलके केले. डोनाल्ड वॉकर याच्या १८३४ सालच्या व्यायामविषयक पुस्तकांत त्यांची माहिती आहे. पुढें ते अमेरिकेंत पोंचले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्यें मुद्गल फिरविण्याची स्पर्धा झाली. तालमींत खांद्यांची परीक्षा पाहणारें हें साधन परदेशीं दिवाणखान्यांत शोभेल इतकें नाजूक झालें.

आतां औंधाकडे वळावें. या संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८ ते १९५१) हे पदवीधर, चित्रकार आणि कीर्तनकार. १८९७ सालीं त्यांनीं सँडोचीं उपकरणें आणि पुस्तकें मागविलीं व सुमारें दहा वर्षें त्या पद्धतीनें नेमानें व्यायाम केला. हव्या त्या साधनाची किंमत मोजूं शकणारा आणि तें ठेवण्यास वाडा असणारा हा मनुष्य. पैशाची नाहीं, जागेची नाहीं, अशी कोणतीच अडचण त्यांना नव्हती. आणि तरीही १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. ज्याला साहित्य म्हणून जमिनीवर टाकलेला कापडाचा तुकडा पुरतो आणि जागा म्हणून माणूस पालथा पडूं शकेल एवढी पुरते, असा हा व्यायाम. १९०९ सालीं गादीवर आल्यावर त्यांनीं तो संस्थानच्या शाळांतून सुरू केला, त्यावर पुस्तकें लिहिलीं आणि आयुष्यभर त्याचाच प्रसार केला.

सँडोचीं दहा वर्षें फुकट गेलीं, असें मात्र म्हणवत नाहीं. रोज ठरल्या वेळीं उठून घरांतच शरीराकडे लक्ष द्यावयाचें, ही संवय त्या वर्षांत मुरली असली पाहिजे. शिवाय नमस्कारांत शरीर जमिनीपासून ढकलावें लागतें, ओढावें कांहींच लागत नाहीं. मुठीलाही काम थोडें. ती उणीव एखादी हलकी मुद्गलांची जोडी किंवा रबरी दोरी भरून काढूं शकते. नव्यानें आरंभ करणाऱ्या घरानें याहून अधिक खरेदी पहिल्या वर्षीं करण्यासारखी दिसत नाहीं. त्यांतही मुद्गल घ्यावयाचे, तर ते कोपरांत न वांकतां दोन्ही हातांनीं सहज तोलतां येतील इतपतच घ्यावेत. दुकानांत उभ्या उभ्या जे पेलतात, ते पन्नासाव्या फेऱ्याला पेलतीलच असें नाहीं.

पंतप्रतिनिधींच्या निवडीचा खरा लाभ झाला तो ज्यांना तालमीचें दार कधींच उघडें नव्हतें त्यांना. हौद्यांत स्त्रिया उतरत नसत, आणि डंबेल्सच्या जाहिरातींतही मुख्यतः पुरुषाचाच दंड दाखविलेला असे. औंधच्या राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत, आणि स्त्रियांनीं ते घालावेत असें प्रतिनिधींनीं आग्रहानें लिहिलें. माजघरांत, दार लोटून, सकाळच्या कामांआधीं हा व्यायाम होऊं शकत असे. कोणाची परवानगी मागावयास नको आणि शेजारणीला पत्ताही नको. १९३८ सालीं त्यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ति लुईस मॉर्गन या बाईंनीं संपादन करून लंडनमध्यें प्रसिद्ध केली. ज्या नगरांतून सँडोनें आपला व्यापार चालविला, तेथेंच तें छापलें गेलें.