तळटीप : डोरोथी जॉर्डन
डोरोथी जॉर्डन (१७६१–१८१६) : लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाची लाडकी विनोदी अभिनेत्री, पुरुषवेशातल्या भूमिकांमध्ये विशेष गाजलेली. लेखकाने तिचा उल्लेख केवळ रखेली म्हणून केला आहे, तो अन्यायकारक वाटतो. ड्यूक ऑफ क्लॅरेन्ससोबत (पुढे राजा चौथा विल्यम) ती सुमारे वीस वर्षे राहिली. दहा मुले झाली; बाळंतपणांच्या मधल्या काळात ती रंगमंचावर उभी राहतच होती आणि तिच्या कमाईचा ड्यूकलाही आधार होता. १८११ मध्ये त्याने तिला सोडले. पोटगीची अट क्रूर होती : पुन्हा नाटकात काम केल्यास मुलींचा ताबा जाईल. जावयाच्या कर्जापायी ती परतली, ताबा गेला. मृत्यू फ्रान्समधील सँ-क्लू येथे, हलाखीत. राजा झाल्यावर विल्यमने शिल्पकार चँट्रीकडून तिचा पुतळा करवून घेतला.