उजेडाचे औषध



इंदूर शहराच्या कोणत्याही मोठ्या रस्त्याने आज फेरफटका मारला, तर लेसर-उपचारांच्या पाट्या नजरेस पडतात. चेहऱ्यावरील डाग, वांग, मुरुमांचे व्रण, चामखीळ, नकोसे केस, जुने गोंदण अशी त्यांवरील यादी लांबलचक असते. ती वाचणाऱ्यास सहज वाटावे की, ही विद्या काल-परवा परदेशातून येथे आली आणि आपला तिच्याशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. या विद्येचा एक धागा आपल्या प्राचीन वैद्यकापर्यंत जातो, दुसरा बारामतीपर्यंत आणि तिसरा तर थेट याच शहरातील सुखनिवासच्या परिसरापर्यंत. तो इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यापासून आपण काय बोध घ्यावा हे पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

अंगावर पांढरे डाग उमटविणाऱ्या विकाराला आपण कोड म्हणतो. अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडात या विकाराविरुद्ध सूक्ते आहेत आणि त्यांत काळ्या वर्णाच्या वनस्पतीला कातडीचा रंग परत आणण्याची विनवणी केलेली आहे. चरकसंहितेत तर उपचाराचा क्रमच दिला आहे. रानउंबराच्या जातीतील एका झाडाचा रस गुळाबरोबर प्यावा आणि मग शक्तीप्रमाणे सूर्याचा ताप घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. आपल्या वैद्यांनी पुढे बावचीचे बी याच कामी वापरले. औषध आणि ऊन यांची ही जोडी आंधळ्या समजुतीतून जन्मलेली नव्हती. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीला सूर्याच्या अदृश्य जंबुपार किरणांच्या बाबतीत अतिशय हळवे करते आणि त्यायोगे रंग निर्माण करणाऱ्या पेशी पुन्हा कामास लागू शकतात. मात्र ऊन थोडे अधिक झाले की फोड येतात. चरकाने ‘शक्तीप्रमाणे’ असे म्हटले, त्यातले तारतम्य येथे ध्यानात येते.

नाईल नदीच्या काठीही अशीच एक वनस्पती लोकांच्या वापरात होती. विसाव्या शतकाच्या चाळिशीत इजिप्तमधील डॉ. एल मोफ्ती यांनी तिच्यातील द्रव्याचा कोडावर शास्त्रशुद्ध प्रयोग केला. १९७४ साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी हेच द्रव्य आणि दिव्यातून काढलेले जंबुपार किरण यांचा संयोग सोरायसिस या हट्टी त्वचारोगावर गुणकारी ठरतो, असे दाखविले. त्या निबंधाच्या चार लेखकांत मधू पाठक हे एक भारतीय नाव आहे. ऊन मोजता येत नव्हते. दिव्याचा प्रकाश मोजता येऊ लागला. प्राचीन उपचाराचे आधुनिक शास्त्र झाले ते या मोजमापामुळे.

दिव्याच्या प्रकाशाने रोग बरा करण्याचा मान मात्र डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांच्याकडे जातो. स्वतः आजाराने जर्जर असलेल्या या डॉक्टरांनी १८९६ साली कोपनहेगन येथे प्रकाशोपचाराची संस्था काढली. त्या काळी क्षयाचे जंतू कातडीत शिरून माणसाचा चेहरा अक्षरशः कुरतडून टाकीत. अशा रोग्यांना लोकांत तोंड दाखविणे अशक्य होई. फिन्सेन यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून व पाण्यातून नेऊन त्यातील दाहक उष्णता वगळली आणि उरलेले किरण त्या जखमांवर टाकले. अनेकांचे चेहरे बरे झाले. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, ते निवर्तले. उजेडाने रूप सुधारण्याची आजची विद्या मुळात अशा दुखण्याने विद्रूप झालेल्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांसाठी जन्मली, हे विसरता कामा नये.

यानंतरचा टप्पा लेसरचा. त्याचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते; परंतु ते प्रत्यक्षात उतरण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. साध्या दिव्याच्या उजेडात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो चोहीकडे पसरतो. लेसरचा उजेड एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा आणि एका ताला-ठेक्यात चालणारा असतो. पांगलेली जत्रा आणि शिस्तीने पावले टाकणारी पलटण यांत जो भेद, तोच येथे आहे. अमेरिकेतील सिनसिनाटीचे डॉ. लिऑन गोल्डमन यांनी १९६३ च्या सुमारास हा किरण माणसाच्या कातडीवर टाकून पाहिला. गडद रंगाचा भाग तो अधिक शोषून घेतो, असे त्यांना दिसले. साऱ्या पुढील प्रगतीचे आणि साऱ्या पुढील धोक्यांचेही बीज या एका निरीक्षणात होते.

आणि आता बारामतीचा धागा. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि पुढे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे १९६४ साली, वयाची २६ वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्यांनी कर्बद्विप्राणिद वायूचा, म्हणजे कार्बन डायॉक्साइडचा, लेसर सिद्ध केला. जो वायू आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो, त्यातूनच हा सामर्थ्यवान किरण निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी त्याला तत्काळ शोषून घेते. आणि आपल्या कातडीत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे हा किरण तिचा अगदी पातळ थर वाफ करून उडवू शकतो. शिवाय बारीक रक्तवाहिन्या त्याच्या उष्णतेने तेथल्या तेथे मिटतात. चामखीळ, खोल व्रण, त्वचेवरील गाठी यांवर जगभरचे डॉक्टर आज हा लेसर वापरतात.

आपल्या देशातही त्याच वर्षी, १९६४ साली, मुंबईच्या तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात पहिला अर्धवाहक लेसर तयार झाला होता. या कामाचा व्याप वाढला तेव्हा स्वतंत्र संस्थेची गरज भासू लागली आणि तिच्यासाठी इंदूरची निवड झाली. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सुखनिवासच्या परिसरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविली. १९८६ च्या जूनमध्ये मुंबईहून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी येथे आली. सागर येथे जन्मलेले डॉ. दिलीप भवाळकर हे या केंद्राचे संस्थापक संचालक. २००५ साली केंद्राला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. येथे अनेक जातींचे लेसर घडले आणि त्यांत शस्त्रक्रियेसाठी वापरावयाचा कार्बन डायॉक्साइड लेसरही होता. बारामतीच्या मुलाने परदेशात शोधलेला किरण अशा रीतीने माळव्यात पुन्हा घडविला गेला आणि देशातील रुग्णालयांत पोहोचला. होळकरांचे इंदूर आपल्याला ठाऊक आहे, सराफ्यातील खाऊगल्लीचे इंदूरही ठाऊक आहे. लेसर घडविणारे इंदूर मात्र अनेक इंदूरकरांनाही पुरते परिचित नाही.

आता या उपचाराचे मर्म पाहू. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी ते सूत्ररूपाने मांडले. शाळेतील मुले भिंगाने वर्तमानपत्राच्या कागदावर ऊन एकवटतात, तेव्हा कोऱ्या कागदाआधी काळे छापील अक्षर होरपळू लागते. तसेच, कातडीतील जो घटक नष्ट करावयाचा, तोच ज्या रंगाचा प्रकाश अधिक शोषील तो रंग निवडावा, हा पहिला नियम. दुसरा नियम वेळेचा. तापलेल्या कढईला बोट क्षणभर लागले तर चटका वरवर राहतो; टेकून ठेवले तर भाजणे खोल जाते. म्हणून प्रकाशाचा झोत इतका क्षणिक असावा की, उष्णता शेजारच्या निरोगी पेशींत पसरण्यापूर्वीच काम आटोपावे. या दोन नियमांमुळे जन्मतः चेहऱ्यावर असलेली लाल-जांभळी खूण फिकी करणे शक्य झाले. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावर आणि कपाळावर काजळीचे गोंदण असे. मेल्यावरही बरोबर येणारा तेवढाच दागिना, असे त्या म्हणत. तेही आज सेकंदाच्या अब्जांशात मोजल्या जाणाऱ्या झोतांनी पुसट करता येते.

परंतु येथेच आपल्यासाठी धोक्याची सूचना आहे. आपल्या कातडीला सावळेपणा देणारे मेलॅनिन हे द्रव्य स्वतःच प्रकाश शोषून घेते. गोऱ्या कातडीतून जो किरण निमूटपणे केसाच्या मुळापर्यंत जातो, तोच सावळ्या कातडीत वरच्या थरातच अडतो आणि तिला भाजतो. मागे काळा वा पांढरा डाग उरतो. बोस्टनचे डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडीचे प्रकार पाडले, ते आरंभी केवळ गोऱ्या लोकांच्या उन्हाने लाल होणाऱ्या कातडीचे होते. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या माणसांचे वर्ग त्यात पुढे जोडले गेले. पाश्चात्त्य पुस्तकातील मात्रा आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, याचे हे ऐतिहासिक कारण आहे. सावळ्या कातडीसाठी अधिक लांब तरंगांचा लेसर, सौम्य मात्रा आणि थंडाव्याची व्यवस्था लागते. केस काढावयाचे तर ते विरळ होतात, सरसकट कायमचे नाहीसे होत नाहीत. आणि पांढऱ्या केसावर, त्यात रंगच नसल्यामुळे, हा किरण निष्प्रभ ठरतो. वांगावर तर जहाल लेसर केल्यास तो अधिकच गडद होण्याची भीती असते. म्हणून अशा कामी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा, लहानशा जागेवर आधी चाचणी करून घ्यावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याखेरीज यंत्र सुरू होऊ देऊ नये.

यापलीकडे एक प्रश्न उरतो आणि तो यंत्राचा नाही, मनाचा आहे. प्राचीन वैद्यकाने कोडाचे वर्णन कुष्ठाच्याच प्रकरणात केले. बायबलच्या लेवीय पुस्तकातही कातडीवरील पांढऱ्या चट्ट्यांची तपासणी याजकाने करावी आणि अशुद्ध ठरलेल्यास वस्तीबाहेर ठेवावे, असा नियम आहे. पुढे अनेक भाषांतरांत त्या चट्ट्यांना महारोग हेच नाव मिळाले. दोन भिन्न परंपरांत एकच गल्लत झाली आणि तिचे फळ निरपराध माणसांनी शतकानुशतके भोगले. वास्तविक कोड संसर्गजन्य नाही. शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंगपेशींवर उलटल्यामुळे ते उद्भवते. ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांनी आणि ३०८ नॅनोमीटरच्या लेसरने आज अनेकांना त्यात गुण येतो. सर्वांनाच येतो असे नाही. ज्यांना येत नाही, त्यांनी काय तोंड लपवून बसावे? पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने याच प्रश्नाला हात घातला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या ‘नितळ’ या चित्रपटानेही तोच विषय मराठी घराघरांपुढे ठेवला.

दुसऱ्या टोकाला, ज्यांना कोणताही रोग नाही अशा सावळ्या मुलींना लग्न ठरण्यापूर्वी ‘उजळ’ होऊन येण्याचा सल्ला घरचीच माणसे देतात. शिक्षकी पेशातील माणसाला ही गोष्ट फार जवळून दिसते. फळ्यापुढे धिटाईने उभी राहणारी मुलगी नातेवाइकांच्या एका वाक्याने आरशापुढे खचते. जे मेलॅनिन माळव्याच्या उन्हापासून तिचे रक्षण करते, ते जाळण्यासाठी पैसे मोजावयाचे आणि वर भाजण्याचा धोका पत्करावयाचा, हा कसला व्यवहार?

ज्याच्या चेहऱ्यावरील व्रण त्याला जगू देत नाही, त्याने निःसंकोचपणे उपचार घ्यावेत. त्यात मिरविण्यासारखे काही नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. फिन्सेन यांनी दिवा पेटविला तो अशाच माणसांसाठी. पण सावळा रंग हा व्रण नव्हे आणि पांढरा डाग हा कलंक नव्हे. औषध रोगाला द्यावयाचे असते. ज्या ठिकाणी रोग केवळ पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, तेथे मुलीला दवाखान्यात नेण्याऐवजी घरातील वडीलधाऱ्यांनी आपली नजर बदलावी.