पालीची कात आणि हवेंतील ओल

मराठी भाषेनें पालीकडे एकच काम सोंपविलें आहे, तें चुकचुकण्याचें. मनांत शंका आली कीं पाल चुकचुकते; आणि ती अंगावर पडली कीं पंचांग उघडून पल्लीपतनाचें फल पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कात टाकण्याचा मान मात्र भाषेनें सापाला दिला. एखाद्या मनुष्यानें जुनें सोडून नवें तेज धारण केलें म्हणजे त्यानें कात टाकली असें आपण म्हणतों, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें सापच उभा राहतो. पालहि आयुष्यभर नेमानें कात टाकीत असते, हें फारच थोड्यांच्या लक्षांत येतें. याचें कारण सोपें आहे. सापाची कात कुंपणाला अडकलेली सांपडते. पाल आपली कात तोंडानें ओढून काढते आणि खाऊन टाकते. पुरावा मागें उरत नाहीं.

या न उरणाऱ्या पुराव्यानें मनुष्याच्या कल्पनाशक्तीला भलताच वाव दिला. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल यानें कात टाकणाऱ्या प्राण्यांमध्यें पालीचा उल्लेख केला, तो निव्वळ निरीक्षणाचा होता. परंतु त्याच काळीं लोकांत निराळी समजूत रूढ होती. पालीची कात हें अपस्मारावर औषध असून तें मनुष्याच्या हातीं पडूं नये म्हणून ती मत्सरानें कात गिळते, अशी ती समजूत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन लेखक प्लिनी यानें ही गोष्ट नमूद करून, मनुष्याशीं इतकें कपट करणारा दुसरा प्राणी नाहीं असें लोक म्हणतात, असें लिहून ठेवलें आहे. लॅटिन भाषेंत पालीला 'स्टेलिओ' म्हणत. ज्या लबाडीला कायद्यांत दुसरें नांव नव्हतें, तिला रोमन कायदेपंडितांनीं 'स्टेलिओनाटुस' हें नांव दिलें. आपलेंच कातडें खाणारा एक गरीब जीव अशा रीतीनें फसवणुकीच्या कलमांत जाऊन बसला!

ही हकीकत केवळ जुन्या काळची म्हणून सोडून देतां येत नाहीं. ईशान्य भारतांत व त्यापलीकडील आशियांत राहणारी 'टोके' नांवाची मोठी पाल आहे. तिच्या ओरडण्यावरूनच हें नांव पडलें. तिच्या शरीरापासून असाध्य रोगांवर औषध होतें अशा निराधार अफवेपायीं एकविसाव्या शतकांतहि ती पकडून चोरट्या व्यापारांत विकली गेली. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वयें तिच्या व्यापारावर नियंत्रण आलें. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ती पहिल्या अनुसूचींत समाविष्ट झाली. सुमारें तेवीसशें वर्षांच्या अंतरानें दोन समाज एकच चूक करितात, हें पाहून विचारी मनुष्य अंतर्मुख झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्याला पालीपासून काय मिळेल, हेंच दोघांनीं विचारलें. पालीला काय लागतें, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला.

त्याचें उत्तर त्वचेच्या रचनेंत आहे. जुन्या बाह्यत्वचेच्या खालीं नवी बाह्यत्वचा पूर्ण तयार होते. मग दोहोंच्या मध्यें शरीरांतील द्रव उतरून जुना थर सुटा होतो. या वेळीं पाल फिकट, पांढुरकी दिसूं लागते. वाढत्या वयाच्या पालीची कात वरचेवर निघते, प्रौढ पालीची कांहीं आठवड्यांच्या अंतरानें. हवा योग्य तितकी ओली असेल तर जुनें कातडें मऊ राहून हातमोज्यासारखें निघून येतें. हवा कोरडी असेल तर तें वाळतें, फाटतें, आणि त्याचे तुकडे पायांच्या बोटांना, शेंपटीच्या टोंकाला व डोळ्यांच्या कडांना चिकटून राहतात. बोटाभोंवतीं राहिलेलें कडें आवळत जाऊन रक्त पोंचेनासें होतें, आणि अखेर बोट गळून पडतें. भिंतीवर चढणाऱ्या पालींच्या बोटांखालीं अतिसूक्ष्म केसांचे थर असतात. अशा एका केसाची चिकटण्याची शक्ति २००० सालीं प्रथम मोजण्यांत आली. अडकलेल्या कातेखालीं हे केस झांकले गेले म्हणजे पालीची पकडहि सुटते.

डोळ्यांना न दिसणारी ही ओल मोजण्याची युक्ति मनुष्याला पूर्वींच सांपडली होती. हवा दमट झाली कीं मनुष्याचा केस लांबतो, या गुणाचा उपयोग करून जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ सोस्यूर यानें आपला केसांचा आर्द्रतामापक १७८३ सालच्या ग्रंथांत वर्णिला. पुढें निसर्गशास्त्रज्ञ पालींच्या जाती नोंदवूं लागले. आज जगभर घरोघरीं पाळली जाणारी ठिपकेदार लेपर्ड गेको ही जात एडवर्ड ब्लाइथ यानें १८५४ सालीं वर्णिली. आणि दख्खनची पट्टेदार पाल गुंथर यानें १८६४ सालीं. जातींचीं नांवें व वर्णनें अशीं कागदावर आलीं, पण कोणत्या जातीला कितपत ओल लागते हें ज्ञान त्यामानानें अलीकडचें.

कोल्हापूर जिल्हा हा या प्रश्नाचा जणूं धडाच आहे. शहरांत वर्षाला सुमारें एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवरील गगनबावड्यास पांच हजार मिलिमीटरहून अधिक. २००९ सालीं वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सह्याद्रींतील ज्या एका लहान, जमिनीवर वावरणाऱ्या पालीला 'कोल्हापुरेन्सिस' हें नांव दिलें, ती पश्चिमेकडील ओल्या जंगलाची रहिवासी आहे. राजाराम महाराजांच्या नांवानें वसलेल्या आणि क्रमांकाच्या गल्ल्यांनीं ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरींत भिंतीवर दिसते ती घरपाल. तिची राहणी निराळी.

याच राजारामपुरींत कोणी परदेशी पाल पाळली असेल, तर त्याला एका वर्षांत दोन हवामानें सांभाळावीं लागतात. चैत्र-वैशाखांत दुपारची हवा कोरडी असते, तर आषाढांत भिंतींना ओल येते. लेपर्ड गेको ही कोरड्या मुलखांतली. तिच्या पेटींत साधारण तीस ते चाळीस टक्के आर्द्रता पुरते. पण कोरड्या प्रदेशांतहि ती दिवसा बिळांत वा दगडाखालीं राहते, आणि तेथें ओल असते. म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यांत ओलसर शेवाळ किंवा नारळाचा भुसा घातलेली, बाजूला भोंक असलेली झांकणाची डबी ठेवावी. कात येण्याच्या वेळीं ती आपण होऊन तींत शिरते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील क्रेस्टेड गेको, जी नामशेष झाली असें समजलें जाई व १९९४ सालीं पुन्हां सांपडली, तिला याहून बरीच अधिक ओल लागते. परंतु दोन शिंपडण्यांच्या मध्यें पेटी सुकूं देणें अवश्य. पावसाळ्यांत शिंपणें कमी करून वारा खेळता ठेवावा, कारण कोंदट ओलीनें त्वचेला बुरशी धरते व श्वसनाचे विकार जडतात. कात अडकलीच तर कोमट, उथळ पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें पाय भिजूं द्यावेत व ओल्या कापसाच्या बोळ्यानें हळूच सोडवावी. कोरडें कातडें ओढूं नये. डोळ्यावरचें सुटत नसेल तर पशुवैद्याकडे जावें.

सह्याद्रींतील पाल मात्र पेटींत आणण्याची वस्तु नव्हे. तिची ओल जंगलच सांभाळतें. झाडें तुटलीं, पाचोळा जळाला, कीं एका अख्ख्या जातीची डबी कोरडी पडते. आणि ती पुन्हां ओली करण्यास कोणाचाहि हात पुरा पडणार नाहीं.