पेशी: सजीवांचा मूलभूत घटक आणि मुलांना तिची ओळख

सजीवांच्या शरीराचा, रचना आणि कार्य या दोन्ही दृष्टींनी, सर्वांत लहान घटक म्हणजे पेशी. विटांचे घर बनते तसे पेशींचे शरीर बनते, या उपमेने मुलांना तिची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. उपमा सोपी असली तरी अर्धीच खरी आहे. वीट निर्जीव असते. पेशी अन्न घेते, ऊर्जा निर्माण करते आणि दुभंगून स्वतःसारखी दुसरी पेशी घडवते.

या उपमेचे मूळ पेशीच्या शोधातच सापडते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्यातील कप्प्यांना त्यांनी लहान खोली या अर्थाचे ‘सेल’ हे नाव दिले. मात्र बूच म्हणजे झाडाची मृत साल. हूक यांना दिसल्या त्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती. तेथे राहणारे केव्हाच निघून गेले होते. पुढे जर्मनीत श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींबाबत आणि श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांबाबत पेशी-सिद्धान्त मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे रेमाक यांच्या निरीक्षणांतून दिसले होते. फिर्शो यांनी १८५५ मध्ये त्याचा ठामपणे पुरस्कार केला.

मुलांना पेशी दाखवण्यासाठी कांद्यासारखे दुसरे साधन नाही. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा अलगद सोलावा, काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा, त्यावर सौम्य आयोडीनचा थेंब टाकावा आणि वर पातळ काच ठेवावी. शंभरपट मोठे करून पाहिल्यास लांबट कप्पे आणि त्यांतील पिवळसर तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक, दिसते. पुस्तकातील रंगीत आकृती त्यानंतरच दाखवणे इष्ट. अन्यथा मुले काचेखाली जांभळा आणि हिरवा रंग शोधत बसतात. शाळेत सूक्ष्मदर्शक नसल्यास कागदी ‘फोल्डस्कोप’ उपयोगी पडतो. मेरठ येथे जन्मलेले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे घडीचे उपकरण सुमारे १४० पट मोठी प्रतिमा दाखवते.

महाराष्ट्राबाहेर हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांची येथे एक वेगळी अडचण होते. मराठीतील पेशीला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात, तर हिंदीतील ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. घरी आणि शाळेत दोन शब्द वापरले जात असतील, तर हा भेद पालकांनी आरंभीच स्पष्ट करावा.

हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींहून खूप मोठ्या असणार, असे मुलांना हमखास वाटते. प्रत्यक्षात बहुतेक पेशींच्या आकारमानात फारसा फरक नसतो; फरक संख्येत असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांपैकी बहुसंख्य रक्तातील तांबड्या पेशी असून त्यांना केंद्रक नसते. त्या सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे शरीराला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात.

कांद्यानंतर साचलेल्या तळ्याच्या पाण्याचा थेंब पाहावा. त्यात चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामेशियम पळताना दिसू शकतो. त्याचे संपूर्ण शरीर एकाच पेशीचे असते. तो त्याच पेशीने खातो, पोहतो आणि वाढतो. काचेखालील पाणी लवकर सुकते, म्हणून कडेने अधूनमधून एखादा थेंब सोडत राहावा.